बारा ओळींचा मालक

२० ऑक्टोबर

टुकुना,

फोन तू उचलत नाहीस, म्हणून पत्र. फोन कापता येतो, पत्र फार तर फाडता येतं, आणि फाडायच्या आधी तू वाचशील एवढं मी तुला ओळखते. सहा वर्षांचा होतास तेव्हा मी या घरात लग्न होऊन आले आणि पहिल्याच दिवशी माझ्या ताटातला मासा तू पळवलास. सासूबाई ओरडल्या, तर म्हणालास, "नवी आई आहे ना, मग तिचा मासा माझाच." नूआबोउ म्हणजे नवी आई. आता मी जुनी झालेय, केस पिकलेत, पण दिरासाठी नाव तेच राहिलं.

तुझ्या मेसचा पत्ता अच्युतकडून काढला. वादळाची बातमी ऐकून तो सुरतेहून धावत आला, त्याच्याबरोबर गावचे आणखी सात-आठ जण. तू आला नाहीस. मी जाब विचारत नाहीये, नुसतं सांगतेय.

आम्ही बरे आहोत. घराचं छप्पर उडालं, आता वर निळी ताडपत्री आहे, त्यामुळे सगळ्यांची तोंडं निळी दिसतात. गाय वाचली. नारळाच्या अकरा झाडांपैकी दोन उभी आहेत. पानमळा मात्र पार आडवा झालाय. तुझे भाई बरे आहेत. दोन वेळा पाण्यातला पखाळ भात खातात, कांदा नसला की माझ्यावर ओरडतात, म्हणजे बरेच असणार.

तुला भाईंचं नाव नको असेल. तुझ्या जागी मी असते तर मलाही नको असतं. तीन वर्षांपूर्वी, गावची सभा भरते त्या पोथीघराच्या पायरीवर तू आपला हिस्सा मागितलास आणि साऱ्या गावासमोर ते म्हणाले, "मळ्यात तुझी एक वेलसुद्धा नाही. मी लावलं, मी जगवलं." तू चप्पल घातलीस आणि तसाच स्टेशनवर गेलास. मला ते पटलं नव्हतं, पण मी गप्प बसले. पानमळ्याच्या कुडाआड काय आहे हे बाईमाणसाला कुठे ठाऊक असतं? लग्नाला बावीस वर्षं झाली, मी आत पाऊल टाकलेलं नाही. जे दिसतच नाही त्यावर नवऱ्याशी भांडायचं तरी कसं?

पण ते चुकलंच माझं. भांडायला हवं होतं.

जेवत जा. सांचाच्या यंत्रमागावर रात्रपाळी घेऊ नकोस, तुला जागरण सोसत नाही.

तुझी नूआबोउ


६ नोव्हेंबर

टुकुना,

मागच्या पत्रात मी एक खोटं लिहिलं. भाई बरे नव्हते. वादळात मळ्याचं दार धरून ठेवायला गेले होते, शहाणे. जसं काही दार धरलं की वारा बाहेरूनच "येतो हं" म्हणून परत जाणार! मधला खांब हातावर पडला. उजवं मनगट मोडलंय. ब्रह्मपूरला नेऊन प्लास्टर घातलं. तुला काळजी लागेल म्हणून लिहिलं नाही, आणि काळजी लागलीच नाही तर मला वाईट वाटेल म्हणूनही लिहिलं नाही. खरं कारण या दोन्हींतलं दुसरं असावं.

आता मुद्द्याचं. मी मळ्यात गेले.

ओरडू नकोस. तुझ्या भाईंनी ओरडून घेतलंय. एका हाताने त्यांना मळ्यावरचं गवताचं छप्पर उचलेना, गडी मिळेना, कारण ज्याचं त्याचं घर पडलेलं. छपराखाली वेली कुजायला लागल्या, वास घरापर्यंत यायचा. शेवटी एका सकाळी विहिरीवर आंघोळ केली आणि ओल्या लुगड्यानिशी सरळ चालत गेले. कूड नाही, दार नाही, मग उंबरठा तरी कुठला ओलांडायचा? हे बांधावरून ओरडले, "थांब! बाईमाणसाने—" आणि मग आपोआपच थांबले. बाईमाणसाच्या हातात गवताचा भारा होता आणि त्याच्याखाली एक वेल हिरवी निघाली होती.

मग मी टेकू द्यायला बांबू शोधू लागले. पूर्वेकडे पाच-सहा धड बांबू पडले होते, ते ओढले तर हे म्हणाले, "तिकडचे नको."

"का?"

"ते त्याचे आहेत."

"कुणाचे?"

"टुकुनाचे. विचारल्याशिवाय कसे घ्यायचे?"

मग नीट पाहिलं. मळ्याच्या मधोमध पाऊलवाट आहे. पश्चिमेला बारा ओळी, पूर्वेला बारा ओळी. पूर्वेच्या ओळींना नवीन माती घातलेली, वेली उतरवून पुन्हा पुरलेल्या, सगळं वेळच्या वेळी. तीन वर्षं हा माणूस तुझ्या ओळी वेगळ्या राखत होता. त्याच्या स्वतःच्या वेली बांबूवाचून कुजत होत्या, आणि तुझ्या पडलेल्या बांबूंना याने हात लावला नव्हता!

मला इतका राग आला, टुकुना, की हातातला बांबू मी खालीच टाकला. म्हटलं, "पोरगं तिकडे यंत्रासमोर उभं राहून झिजतंय, आणि तुम्ही इथे मुकाट्याने त्याच्या वेलींना पाणी घालताय?"

तर म्हणतात, "भांडण माझं त्याच्याशी होतं. वेलींशी थोडंच होतं?"

"मग हे त्याला सांगायला काय झालं होतं?"

"गावासमोर बोललो होतो ना. आता काय परत गावासमोर जाऊ?"

हे तुला लिहू नकोस असं बजावलंय. म्हणून लिहितेय.

कार्तिक आहे, घरात मासळी बंद आहे. तू तिथे पाळत नसशील, माहीत आहे.

नूआबोउ


२५ नोव्हेंबर

टुकुना,

अजून तुझं उत्तर नाही. पण पत्र परत आलं नाही, म्हणजे पोचतंय. एवढ्यावर माझं भागतं.

पानमळ्यांना सरकारी मदत जाहीर झाली. महसूलचे रथबाबू पाहणीला आले. आता बघ, आपल्याकडे आंघोळ केल्याशिवाय आणि चामडं उतरवल्याशिवाय कुणी मळ्यात जात नाही. अच्युतने विहिरीचा पोहरा पुढे केला. रथबाबूंनी थंड पाण्याकडे पाहिलं, आपल्या बुटांकडे पाहिलं, आणि खुर्ची मागवली. मग नारळपाणी पीत उंटावरून शेळ्या हाकल्या. ज्याने त्याने बांधावर उभं राहून सांगायचं किती ओळी, आणि त्यांनी लिहायचं. दरवेळी हे असंच होतं. मळ्याच्या पावित्र्याआड पुण्य किती राहतं माहीत नाही, पण खोटं मात्र मजेत राहतं.

पूर्वी ही यादी कुणाला दिसायची नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची. कुणाला किती मिळालं ते त्याच्या दारात नवी मोटरसायकल आली की कळायचं. या वेळी वरून हुकूम आला की यादी पोथीघराच्या भिंतीवर चिकटवायची, गावच्या पल्लीसभेत मोठ्याने वाचायची आणि कुणाची हरकत असेल तर तीही सगळ्यांदेखत ऐकायची. वाचायला मला उभं केलं. महिला गटाची अध्यक्ष, आणि आवाज तळ्यापलीकडे जातो म्हणून.

तुला ठाऊक आहे मी अक्षरं कशी शिकले. तुझ्या बाबांनी पोथी लावून शिकवली, त्यामुळे मला सरळ वाचताच येत नाही, चाल लागते. बाजारची यादीसुद्धा मी गाऊनच वाचते. तर मी सुरू केलं, "क्रमांक एक, अर्जुन गौड, ओळी सोळा—" आणि चाल अशी काही लागली की म्हातारे हात जोडून डोलायला लागले. पोरं फिदीफिदी हसत होती. रथबाबू म्हणाले, "बाई, जरा साधं वाचा." मी म्हटलं, "बाबू, साधं वाचायला गेले तर चुकेन, मग तुमच्याच यादीत घोळ होईल."

सतराव्या क्रमांकावर दंडपाणी बिसोईचे वडील आले. ओळी तीस. त्यांच्या तेराव्याला तू जेवला आहेस. मागच्या वादळातही म्हणे त्यांनी मदत घेतली होती. एवढा कर्तबगार मेलेला माणूस मी पाहिला नाही. मी विचारलं, "दंडपाणी, बाबा आलेत का सभेला?" सगळी सभा खो खो हसली, आणि नाव कटलं. सेबती मावशीचं नाव मात्र नव्हतंच. खंडाने घेतलेल्या जमिनीत ती एकटी आठ ओळी करते, पण कागद दुसऱ्याच्या नावाचा. ते नाव सभेने घालायला लावलं. मला मोठं बरं वाटत होतं, टुकुना. आपला आवाज इतका उपयोगी असतो हे मला माहीत नव्हतं.

आणि मग एक्केचाळिसावा क्रमांक आला. "सुदर्शन नाहाक, ओळी बारा."

तुझं नाव. मी थांबले. भाईंनी बांधावरून ते दिलं होतं आणि मला एका शब्दाने सांगितलं नव्हतं.

दंडपाणी उठलाच. "माझा बाप स्वर्गात, म्हणून त्याचं नाव कापलं. हिचा दीर सुरतेत! तो काय गाडीतून पान खुडतो? आणि याच खेत्रबासीने याच पायरीवर सांगितलं होतं की भावाची एक वेल नाही. मग बारा ओळी आल्या कुठून? दुसऱ्यांची नावं बरी गाऊन दाखवते ही!"

तो खोटा माणूस आहे, पण प्रश्न खरा होता. हरकत नोंदवली गेली. गुरुवारी सुनावणी.

रात्री तो घरी आला. चहासुद्धा प्यायला. म्हणाला, "खेत्रबासी, सगळ्या चोवीस ओळी तुझ्याच म्हण की. कोण बघायला गेलंय? मी हरकत मागे घेतो. तुम्ही माझ्या बाबांचं तेवढं बघा." भाईंनी त्याचा रिकामा कप डाव्या हाताने उचलून आत नेला.

सोपं आहे ते, टुकुना. फक्त होय म्हणायचं. इकडे घराला छप्पर नाही. मला भीती वाटतेय, आणि कशाची ते तुला कळेलच. पैसे जातील याची नाही. तू दुसऱ्यांदा पुसला जाशील, आणि या वेळी यादी वाचणारी मी असेन, याची.

नूआबोउ


१ डिसेंबर

टुकुना, बाळा,

हे पत्र उभ्याने वाचू नकोस. बस.

गुरुवारी पोथीघर गच्च भरलं होतं. घरोघरी लक्ष्मीची पूजा, बायकांच्या हाताला अजून तांदळाचं पीठ लागलेलं, तशाच आल्या. पोथी लाल फडक्यात आपल्या चौरंगावर. तिच्यासमोर खोटं बोललं तर काय होतं हे कुणालाच माहीत नाही, कारण आजवर कुणी करून पाहिलेलं नाही. तीन वर्षांपूर्वी भाई आत नाही, बाहेर पायरीवर बोलले होते, हे माझ्या आता लक्षात आलं.

रथबाबूंनी विचारलं, "मळ्यात बारा ओळी वेगळ्या राखलेल्या आहेत, हे आत जाऊन कुणी पाहिलंय?"

कोण बोलणार? मळा आतून फक्त मालक बघतो. भाई जमिनीकडे बघत होते. मी उठले.

"मी पाहिलंय."

कुजबुज सुरू झाली. बाई मळ्यात गेली! बाटवला! दंडपाणीने तर कानांवर हात ठेवले. तेवढ्यात मागून सेबती मावशी म्हणाली, "का रे, वादळ आत गेलं ते काय आंघोळ करून गेलं होतं?" मग मीही सांगून टाकलं, पाऊलवाट, माती, बांबू, सगळं.

दंडपाणी म्हणाला, "बाई नवऱ्याच्या बाजूने बोलणारच. खेत्रबासीला बोलू दे. तेव्हा खोटं बोललास की आता बोलतोयस?"

भाई उठले. प्लास्टरचा हात दुसऱ्या हाताने धरलेला. टुकुना, मी त्यांचे शब्द जसेच्या तसे लिहिते.

"तेव्हा खोटं बोललो. रागात होतो. राग उतरला तेव्हा लाज वाटली, म्हणून खोटं तसंच राहू दिलं. पूर्वेच्या बारा ओळी टुकुनाच्या. तिथली माती त्याने वाहिली. तळ्यावरून, डोक्यावरून, शाळा सुटल्यावर. दोन वर्षं वाहिली. मी बघत होतो."

एवढं बोलून ते बसायला लागले, तर रथबाबू खुशीत आले. म्हणाले, "मग सोपंच आहे! मदत ज्याने मळा केला त्याला. तीन वर्षं तुम्हीच केला ना? बारा ओळी तुमच्या नावावर चढवतो. सगळं नियमात."

"माझ्या नावावर नको."

"अहो नाहाकबाबू, पैसे मिळतायत!"

"यादी भिंतीवर लागणार ना? येणारा-जाणारा वाचणार ना? माझ्या नावापुढे चोवीस दिसतील. म्हणजे तेच खोटं पुन्हा, या खेपेला सरकारी शिक्क्याचं. त्याचं नाव लिहा, नाहीतर कुणाचंच लिहू नका."

रथबाबूंनी बराच वेळ पेन चावलं आणि तुझ्या नावापुढे लिहिलं, "मालक गैरहजर." पंधरा तारखेपर्यंत तू स्वतः ये किंवा लेखी कळव. नाहीतर बारा ओळींची मदत परत जाईल.

मी तुला पैशांसाठी ये म्हणत नाही. बारा ओळींचे जे मिळतील ते तुझ्या जाण्यायेण्यात आणि बुडालेल्या रोजंदारीत संपतील. हिशेब तुलाही येतो. पण भाईंना चारचौघांत माफी मागता येत नाही आणि एकांतात तर मुळीच येत नाही. त्यांनी जे केलं ते केलं. याहून जास्त त्यांच्याकडून या जन्मी होणार नाही, आणि मला वाटतं, हेही कमी नाही.

ते रोज संध्याकाळी यादी बघायला जातात. यादी काही बदलत नाही. तरी जातात.

नूआबोउ


१५ डिसेंबर

टुकुना,

तुझा लिफाफा पोचला. मला नाही, रथबाबूंना! तीन वर्षांत पहिलं अक्षर लिहिलंस ते सरकारला. धन्य आहेस.

आज शेवटचा दिवस, म्हणून सभा भरली. रथबाबू म्हणाले, लेखी आलेला प्रत्येक कागद सगळ्यांसमोर वाचायचा, तसा हुकूम आहे. आणि माझ्या हातात दिला. लिफाफ्यावरचं अक्षर मी लगेच ओळखलं. आत काय असेल याची मला धास्ती. भाई पहिल्या ओळीत बसले होते, मांडीवर मांडी घालून, कोर्टात बसल्यासारखे.

वाचायला लागले. तू काय लिहिलंस ते तुला माहीतच आहे, पण मी कसं वाचलं ते सांगते. "मी सुदर्शन नाहाक, सध्या राहणार सुरत, अशी हरकत घेतो की सदर बारा ओळींपुढे माझं नाव लिहू नये." इथे सभेत कुणीतरी चुकचुकलं. भाईंनी मांडी सोडली. मला वाटलं, झालं, संपलं. पुढचं वाचू की नको असं झालं. "तीन वर्षं त्या ओळींना माती, पाणी आणि सावली माझे थोरले भाऊ खेत्रबासी नाहाक यांनी दिली. मी एक पानही खुडलेलं नाही. वादळात त्यांचा हात मोडला, माझा नाही. मदत त्यांना द्यावी. ते नको म्हणतील. त्यांचं ऐकू नये."

शेवटची दोन वाक्यं मला एका दमात वाचता आली नाहीत. सेबती मावशी डोळे पुसत ओरडली, "अगं मोठ्याने वाच, मागे ऐकू येत नाही!" म्हणून मग दोनदा वाचली.

भाईंनी कागद मागून घेतला. सही बघितली. तुझ्या नावावरून एकदा बोट फिरवलं. मग कागद रथबाबूंना परत दिला आणि म्हणाले, "ही हरकत मला मान्य नाही."

रथबाबूंनी डोक्याला हात लावला. "अठरा वर्षं याद्या करतोय. 'मला द्या' म्हणून डोकी फुटलेली पाहिली. 'त्याला द्या' म्हणून भांडणारे आज पाहतोय. यासाठी माझ्याकडे फॉर्मच नाही हो!" शेवटी वर विचारून तारीख वाढवून घेतली. अठ्ठावीस डिसेंबर. दोन्ही पक्ष समोरासमोर हजर पाहिजेत.

घरी आल्यावर मी हे पत्र लिहायला बसले, तर भाई समोर येऊन बसले. म्हणाले, "त्याला माझ्याकडून लिही. मी सांगतो तसंच लिही, तुझं घालू नकोस." तर हे त्यांचं:

"श्री. सुदर्शन नाहाक यांस. तुमची हरकत फेटाळण्यात आली आहे. अठ्ठावीस तारखेच्या सुनावणीला जातीने हजर राहणे. न आल्यास—"

इथे थांबले. मी वाट बघितली. शेवटी मीच विचारलं, "न आल्यास काय?"

बराच वेळ प्लास्टरवरची माती नखाने खरवडत होते.

"न आल्यास," ते म्हणाले, "मी न्यायला येईन."